वाळू भाजणारे सर

पावसाळा आला की आमच्या कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर वाळू भाजल्याचा वास यायचा. वाळूला वास असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडल्यावर येतो तसा, थोडा मातीचा, थोडा लोखंडाचा. केमिस्ट्रीच्या स्टोअरबाहेर गॅलरी होती. तिथे सर विजेची शेगडी मांडून बसायचे. वर मोठी लोखंडी कढई, हातात लांब दांड्याचं उलथनं. फुटाणेवाला चणे परततो तशी ते वाळू परतायचे. समोर परळच्या जुन्या गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारती. त्यांच्यावरून पावसाचं पाणी ओघळत असायचं आणि सरांच्या कढईतून वाफ निघत असायची.

"काय सर, एक पुडी बांधा की! मीठ-मसाला मारून," दिनू शिपाई जाता-येता म्हणायचा.

"मसाला लावलाय, दिनकरराव. खाऊन बघा. दात शिल्लक राहिले तर सांगा कशी झालीय," सर वर न बघता म्हणायचे.

भाजलेली वाळू निवली की लाल बादल्यांत भरायची. त्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांची झाकणं, तीही सरांनीच कापून बसवलेली. हे दर पंधरा दिवसांनी. मुंबईत पावसाळ्यात कोरडं काय राहतं? मीठ पाझरतं, पापड मऊ पडतात, पेटीतल्या साड्यांना बुरशीचा वास येतो. सरांची वाळू मात्र मुठीतून पिठासारखी सुटायची.

मी तिथे काचेची भांडी धुवायच्या कामावर लागले तेव्हा माझी धाकटी बालवाडीत होती. माझं शिक्षण चौथीपर्यंत. गावच्या शाळेत पुढचा वर्गच नव्हता. मला मराठी नीट वाचता येतं, इंग्रजी येत नाही. आणि बोलणं तर त्याहून कमी. बसमध्ये माझा स्टॉप आला तरी "उतरायचंय" म्हणायला तोंड उघडायचं नाही. पुढच्या स्टॉपला कोणी उतरलं की त्यांच्या मागून उतरायचे आणि डिलाईल रोडपर्यंत मागे चालत यायचे. अशा बाईला सरांसारख्या माणसाच्या हाताखाली काम मिळावं, याचं मला अजून नवल वाटतं.

ते शिकवणारे सर नव्हते. स्टोअर सांभाळायचे. निळा डगला, खिशात दोन पेन आणि एक चिमटा. पहिल्या दिवशी मी "सर" म्हटलं तर म्हणाले, "सर आत फळ्यासमोर असतात. मी राखणदार." आमच्या कोकणात गावाच्या वेशीवरच्या देवाला राखणदार म्हणतात, त्याला वर्षातून एकदा नारळ देतात. मला मनात हसू आलं, पण मी सरच म्हणत राहिले.

स्टोअरच्या दारात एक दोरी होती, तिच्यावर धुतलेले पंचे वाळत घातलेले. कोणीही आत जायला आलं, मग तो विद्यार्थी असो की मोठा प्रोफेसर, सर दारात उभे राहून म्हणायचे, "हात दाखवा." हात पंच्याला पुसायचे. मग सर वर्तमानपत्राचा तळहाताएवढा तुकडा द्यायचे. तो चुरगळून परत द्यायचा. सर उलगडून उजेडाकडे धरायचे. कुठे ओलसर डाग दिसला की, "अजून एकदा पुसा." बस. त्यावर वाद नाही.

लोक चिडायचे. एक प्रोफेसर म्हणाले होते, "अहो, मी काय इथे ऑपरेशन करायला आलोय?"

"नाही सर. ऑपरेशनला ओले हात चालतात," सर म्हणाले होते.

आता माझी चूक सांगते. ती लिहायचीच म्हणून ही वही काढली.

पहिलं वर्ष. खंडेनवमीला लॅबमध्येही पूजा असते. तराजू, बर्नर, काचेच्या नळ्या, सगळं मांडून हळदकुंकू वाहतात. आदल्या दिवशी मला साफसफाई सांगितली होती. त्या लाल बादल्या मी पाहिल्या. झाकणं तेव्हा नव्हती. वरच्या वाळूत दिवसभरातल्या पानाच्या पिचकाऱ्या, कागदाचे बोळे, चघळून टाकलेलं च्युइंगम. उद्या पूजा आणि ही घाण? मी दोन्ही बादल्या मोरीत नेल्या आणि वाळू धुतली. माहेरी भांडी घासायची वाळू आई धुऊन ठेवायची, तशी. सात पाणी केलं. शेवटी पाणी नितळ आलं तेव्हा वाळू परत भरली, बादल्यांना स्वस्तिक काढलं, वर झेंडूचं एकेक फूल ठेवलं. इतकं छान दिसत होतं की घरी जाताना मी दोनदा वळून पाहिलं.

सर रोज सकाळी आल्यावर आधी बादलीत मनगटापर्यंत हात घालून बघायचे, वाणी तांदळाच्या पोत्यात घालतो तसा. त्या दिवशी त्यांचा हात आत गेला तो तिथेच थांबला. बाहेर काढला तेव्हा बोटांना वाळू चिकटली होती.

"हे कोणी केलं?"

दिनूने माझ्याकडे पाहिलं.

"छान धुतलीत," सर म्हणाले. "इतकी स्वच्छ वाळू मी गिरगावच्या चौपाटीवरही पाहिली नाही. या इकडे. दाखवतो."

काचेचं वर-खाली होणारं दार असलेलं एक कपाट लॅबमध्ये आहे, त्यातला धूर वर नळीतून बाहेर जातो. सरांनी डोळ्यांना जाड चष्मा लावला, मलाही दिला आणि मला दोन पावलं मागे उभं केलं. पत्र्याच्या डब्यातून एक बाटली काढली. तिच्यात तेल आणि तेलात राखाडी रंगाचे गोळे. चिमट्याने एक गोळा धरून त्यांनी सुरी लावली. लोणी कापावं तसा तो कापला गेला, आतून चांदीसारखा. तुरीच्या डाळीहून लहान तुकडा. टिपकागदावर तेल टिपलं, बशीभर पाण्यात टाकला आणि काच खाली ओढली.

तो तुकडा पाण्यावर मुंगीसारखा पळायला लागला आणि पेटला. पाण्यावर पेटला. जांभूळ खाल्ल्यावर जीभ होते त्याहून थोड्या फिक्या रंगाची ज्योत. मग फट् असा आवाज, आणि काही नाही.

"याचं नाव पोटॅशियम," सर म्हणाले. "पाणी लागलं की पेटतो. हवेतला ओलावाही त्याला पुरतो, म्हणून तेलात बुडवून ठेवायचा. पेटलाच तर पाणी मारायचं नाही, भिंतीवरचा तो आग विझवायचा साधा सिलिंडरही नाही. वाळू ओतायची. कोरडी. आता बघा, डाळीएवढ्याने एवढं केलं. बाटलीत वाटीभर आहे. ती पेटली असती, आणि दिनकरराव धावत येऊन तुमची स्वच्छ वाळू तिच्यावर..."

शेजारच्या खोलीत त्या वेळी चाळीस मुली पूजेची मांडामांड करत होत्या. मला त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता. मी रडले.

सरांनी रडू दिलं. मग म्हणाले, "चूक माझी आहे. बादलीवर सूचना लिहिली होती, पण इंग्रजीत. वाचता न येणाऱ्या माणसासाठी ती नसल्यासारखीच." आणि घरून कढई आणली. उलथनं माझ्या हातात दिलं. दोन दिवस आम्ही आळीपाळीने वाळू भाजत बसलो. कॉलेजात विचारणा झाली तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं की वाळूला दमट हवा लागली होती. माझं काम दर वर्षी नव्याने मंजूर व्हायचं. माझ्याविरुद्ध एक शब्द ते जायला पुरे होता.

त्यानंतर सरांनी सगळ्या बाटल्यांवर माझ्यासाठी मराठी चिठ्ठ्या लावल्या. पहिलीच्या पुस्तकासारखी मोठी, गोल अक्षरं. नाव, आणि खाली त्याचा स्वभाव. 'पोटॅशियम. तेलात. पाणी, आम्ल, ओला हात नको. तेल उतरलं तर मला सांगा.' 'कॉस्टिक पोटॅश. हवेतलं पाणी ओढतो. बूच रबरी, काचेचं अडकून बसतं. कातडी जाळतो.' 'पोटॅशियम परमँगनेट. दिसतो शांत. ग्लिसरीन, स्पिरिट, साखर यांच्याजवळ नको.' एक बाटली मात्र लोखंडी तिजोरीत होती, तिला दोन कुलपं आणि दोन किल्ल्या, एक प्रिन्सिपलकडे. तिच्यावर फक्त लिहिलं होतं, 'सायनाइड. तुमचं काम नाही. माझंही एकट्याचं नाही.'

मी एकदा धीर करून विचारलं होतं, "सर, ही सगळी पोटॅशियमच ना? मग पाच कपाटांत का?"

ते इतके खूश झाले की खुर्ची ओढून बसले. "तुम्ही चाळीत राहता ना? तुमच्या मजल्यावर एका आडनावाची किती बिऱ्हाडं?"

"चार."

"चौघांचं पटतं?"

आमच्या चाळीत त्यातल्या दोन घरांत नळावरून डोकी फुटली होती. मी मान हलवली.

"मग? आडनाव एक म्हणून चौघांना एका खोलीत कोंडाल का? इथे आडनाव बघायचं नाही. कोणाचं कोणाशी पटत नाही ते बघायचं." आणि त्यांनी पुठ्ठ्यावर स्टोअरचा नकाशा काढून दिला. बारा खोल्यांची चाळ. तापट बिऱ्हाडं नळापासून लांब, तळमजल्याला. आम्लं वेगळ्या टोकाला. जाळायला मदत करणारे एका बाजूला, जळणारे दुसऱ्या. तो पुठ्ठा अजून माझ्या कपाटाच्या आत चिकटवलेला आहे.

दिनूच्या खिशात विडीसाठी काडेपेटी असायची. सर ती दारातच काढून घ्यायचे. एकदा ती मला दाखवून म्हणाले, "सगळं शास्त्र यात आहे. काडीच्या डोक्यात पोटॅशियम क्लोरेट. पेटीच्या बाजूच्या पट्टीत लाल फॉस्फरस. करणाऱ्याने दोघांना मुद्दाम वेगळं ठेवलंय. म्हणून ती खिशात घेऊन दिनकरराव जिवंत फिरतात."

"जिवंत कसला सर, घरी बायको रोज मारते," दिनू म्हणाला.

आता त्यांच्या काळजीविषयी लिहिते. ते निवृत्तीला आले होते, आणि त्यांना एकच गोष्ट खात होती. आपल्यामागे दारात उभं कोण राहणार? स्टोअर कोणालाही नीट लावता येईल, ते म्हणायचे, पण मोठ्या माणसाला दारात अडवायला कोण आहे?

ते का म्हणायचे हे मी पाहिलं होतं. एका कपाटात पोटॅशियमची फार जुनी बाटली निघाली. तिचं तेल कधीतरी आटलं होतं आणि गोळ्यांवर पिवळट-नारिंगी पापुद्रा आला होता. एक प्रोफेसर म्हणाले, वरचं खरवडून टाका, आत चांगला असेल, उद्या वर्गात दाखवतो. सर म्हणाले, "अंग पिवळं पडलं की त्याला सुरी लावायची नाही. कापताना स्फोट होतो." प्रोफेसर म्हणाले, "तुम्ही मला केमिस्ट्री शिकवणार?" सरांनी कपाटासमोर स्टूल ठेवलं आणि त्यावर बसले. डबासुद्धा तिथेच खाल्ला. प्रोफेसर दोनदा आले, दोनदा परत गेले. पुढे कितीतरी अर्ज करून असला कचरा नेणाऱ्यांची खास गाडी आली. ती येईपर्यंत त्या कपाटाला लाल फडकं बांधलेलं होतं आणि सर येता-जाता त्याच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघायचे.

शेवटच्या वर्षी त्यांनी मला दारात उभं करायला सुरुवात केली. रिकाम्या गॅलरीकडे तोंड करून मला म्हणायला लावायचे, "हात दाखवा." माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही.

"कबुतरंसुद्धा उडाली नाहीत, बाई. परत."

मग स्वतः नळाखाली हात भिजवून यायचे आणि माझ्यासमोरून आत जायला निघायचे. मी अडवायचं, अशी परीक्षा. ओघळणारे हात दिसायचे मला. पण सरांना मी कशी अडवणार? मी खाली बघायचे आणि बाजूला सरकायचे. ते उंबऱ्यावर आपणच थांबायचे, मागे वळून म्हणायचे, "नापास." असं किती वेळा झालं कोण जाणे.

निरोपाच्या दिवशी त्यांच्या मिसेस आल्या होत्या. हसून म्हणाल्या, "आता घरी काय करतील देव जाणे. माझ्या फोडणीच्या डब्यातलं कोणाचं कोणाशी पटत नाही ते शोधतील." सगळे हसले. सरांनी शाल-नारळ घेतला, भाषण केलं नाही. जाताना कढई आणि उलथनं माझ्याकडे दिलं. मी वाकून नमस्कार केला तेव्हा एवढंच म्हणाले, "परीक्षा राहिलीय हं तुमची."

सर निवृत्त झाल्याला वर्ष झालं असेल, तेव्हा नव्या मॅडम विभागाच्या प्रमुख म्हणून आल्या. कॉलेजची तपासणी करायला बाहेरून कमिटी येणार होती. मॅडमनी स्टोअर पाहिलं.

"मावशी, हे काय आहे? पोटॅशियमचे सॉल्ट्स पाच कपाटांत विखुरलेत. कमिटीने एखादी बॉटल मागितली तर शोधणार कशी? सगळं ए-बी-सी-डीप्रमाणे लावून घ्या. आजच."

मला 'नको' म्हणायचं होतं. मी "बरं" म्हटलं.

दिनू ढकलगाडी घेऊन कामाला लागला. मला इंग्रजी येत नाही, पण सरांच्या चिठ्ठ्या वाचता येतात. एका फळीवर एकेक बाटली येत होती. परमँगनेट आला. कॉस्टिक आला. मग लाल फॉस्फरस आला. इंग्रजीत त्याचंही पहिलं अक्षर तेच. आणि दिनू दुसऱ्या कपाटातून जी बाटली काढून निघाला तिच्यावर लिहिलेलं मला पाठ होतं. 'पोटॅशियम क्लोरेट. लाल फॉस्फरसच्या फळीवर कधीही नाही. कधीही.'

मी दोन कपाटांच्या मधे जाऊन उभी राहिले. तोंडून जे निघालं ते एवढंच, "हात दाखवा!"

मोठ्याने निघालं. गॅलरीतली कबुतरं उडाली.

"अगो मावशी, हात कसले दाखवा? भविष्य सांगतेस काय?" दिनू म्हणाला. "मॅडमनी सांगितलंय. हो बाजूला."

"ती बाटली होती तिथे ठेव."

"वेड लागलं काय तुला? तुझं काम जाईल ना, बाय."

हे खरं होतं. धाकटीची दहावी होती त्या वर्षी. पण माझ्या डोळ्यांसमोर धुतलेली वाळू होती. मी हलले नाही.

आवाज ऐकून मॅडम आल्या. "काय चाललंय?"

मी दिनूला म्हटलं, "काडेपेटी दे." तो मॅडमकडे बघून लाजला, पण त्याने दिली. मी एक काडी काढली. तिचं डोकं पेटीच्या पट्टीपासून बोटभर लांब धरलं.

"मॅडम, या डोक्यात जे आहे ते दिनूच्या हातात आहे. या पट्टीत जे आहे ते त्या फळीवर आहे. तो शेजारी-शेजारी लावायला निघालाय." मग मला आणखी एक वाक्य आठवलं. "आडनाव बघून लावायचं नसतं."

मॅडमनी दिनूच्या हातातली बाटली बघितली, मग फळी बघितली. मी मनात धाकटीच्या क्लासचा विचार करत होते.

"दिनू, ती परत ठेव. हळू," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "हे मला येतं, मावशी. हेच शिकवते मी. पण आज मला फक्त यादी दिसत होती."

यादी ए-बी-सी-डीप्रमाणे झाली. प्रत्येक नावापुढे कपाटाचा नंबर लिहिला. कपाटं होती तशीच राहिली. दिनूची काडेपेटी मी परत दिली, स्टोअरच्या बाहेर नेऊन.

गेल्या खंडेनवमीला सर आले. तीन वर्षांनी. वाळलेले, हातात काठी. दादरहून झेंडूची दोन तोरणं आणली होती. झेंडूवर फुलवाले सारखं पाणी मारतात. तोरणं ठिबकत होती, सरांची बाही कोपरापर्यंत ओली झाली होती. पूर्वी हीच फुलं ते स्टोअरच्या आसपास येऊ द्यायचे नाहीत, दिवसभर कागदावर वाळवायला लावायचे. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. "माझ्या दाराला बांधतो," म्हणाले आणि तोरणं घेऊन सरळ आत निघाले.

मी दारात होते.

"सर, हात दाखवा."

ते थांबले. मला वाटलं आता हसतील आणि म्हणतील, पास. पण ते हातातल्या तोरणांकडे बघत होते, मग बोटांकडे, मग माझ्याकडे. काहीतरी कुठे ठेवलं ते आठवत नसावं तसं. तेव्हा मला कळलं की या वेळी ही परीक्षा नव्हती, सर खरंच विसरले होते.

मी तोरणं घेऊन गॅलरीच्या कठड्यावर ठेवली. दोरीवरचा पंचा दिला. त्यांनी एकेक बोट पुसलं, मधली बेचकीसुद्धा, जसं आम्हाला शिकवलं होतं तसं. मी कागदाचा तुकडा दिला. त्यांनी चुरगळून परत दिला. मी उलगडून उजेडाकडे धरला. मॅडम, दिनू, सगळे बघत होते. कागदाच्या कडेला अंगठ्याएवढा ओलसर डाग होता.

सरांनीही तो पाहिला. त्यांचे डोळे आता जागे झाले होते. ते माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

"अजून एकदा पुसा, सर," मी म्हटलं.

त्यांनी पंचा परत हातात घेतला.